सातवीच्या हुशार पोरांना आधी काय द्यावं: ‘ॲनिमल फार्म’ की ‘द गिव्हर’?

यवतमाळकडच्या खेड्यातल्या वर्गात माझं मत सरळ ‘ॲनिमल फार्म’चे लेखक जॉर्ज ऑर्वेल यांच्याकडे झुकतं. ‘ॲनिमल फार्म’ (१९४५) छोटं आहे, आणि गोठा काय असतो हे इथं कुणाला समजवावं लागत नाही. गोष्टीत जनावरं मालकाला हाकलून शेत आपल्या हाती घेतात, पण पुढे डुकरंच मालक होऊन बसतात. बॉक्सर घोडा राब राब राबतो, थकला की डुकरं त्याला खाटकाला विकतात. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या आणि दुष्काळात तोच बैल बाजारात नेलेला पाहणाऱ्या पोरांना हे पान आतून कळतं. मग जनावरांनी भिंतीवर लिहिलेले सात नियम फळ्यावर लिहा आणि कथेत बदलतील तसे खडूने बदलत जा. ‘दारू पिऊ नये’मध्ये ‘अति’ हा शब्द घुसला की हुशार पोरगी लगेच हात वर करते. ही गोष्ट रशियन क्रांतीवरचं रूपक आहे, पण तो धडा नंतर घ्या. आधीच सांगितला तर गोष्ट मरते.

लोइस लोरीचं ‘द गिव्हर’ (१९९३) वयाला जास्त जवळचं. जोनास बारा वर्षांचा, मोठेपणी त्याने कोणतं काम करायचं हे वस्तीची समितीच ठरवते. नवोदयच्या परीक्षेची तयारी केलेल्या पोरांना हे ओळखीचं वाटेल. पण त्यात तान्ह्या बाळाला इंजेक्शन देऊन मारण्याचा प्रसंग आहे. तो आधी स्वतः वाचा, पालकांशी बोला, नाहीतर सातवीत घेऊच नका.

खर्चाचंही बघा. ऑर्वेल १९५० साली वारले, त्यामुळे भारतात २०११ पासून मूळ इंग्रजी पुस्तक कॉपीराइटमुक्त आहे. बिनधास्त झेरॉक्स काढा. लोरींचं मात्र विकतच घ्यावं लागेल. वाचनालयासाठी एक प्रत आणा आणि आठवीत मोठ्याने वाचा.