कोल्हापूर उत्तर की दक्षिण: कुठला विधानसभा मतदारसंघ अधिक गुंतागुंतीचा?

दोन्ही मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेतले, पहिली निवडणूक 2009 ची. उत्तर (क्र. 276) म्हणजे निव्वळ शहर: शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, कसबा बावडा. इथं तालीम-मंडळांचा, म्हणजे पेठांतल्या आखाड्यांचा आणि तरुण मंडळांचा, शब्द चालतो. राजेश क्षीरसागर 2009, 2014 ला जिंकले, 2019 ला चंद्रकांत जाधव. त्यांच्या निधनानंतर 2022 च्या पोटनिवडणुकीत जयश्री जाधव, 2024 ला पुन्हा क्षीरसागर.

दक्षिण (274) अधिक गुंतागुंतीचा. काही शहरी प्रभाग, शिवाय उचगाव, गांधीनगर, पाचगावसारखी करवीर तालुक्यातली गावं. लढत पाटील-महाडिक घराण्यांची: 2009 ला सतेज पाटील जिंकले, 2014 ला अमल महाडिक, 2019 ला ऋतुराज पाटील, 2024 ला पुन्हा अमल. खरी कसोटी हद्दवाढीची, म्हणजे आजूबाजूची गावं महापालिकेत घेण्याची. शहराला ती हवी, गावांचा विरोध. उमेदवाराला दोन्हीकडं मतं मागायची असतात. म्हणून हा प्रश्न रेंगाळतो, आणि ते शहराच्या मुळावर येतंय.