लेगोचा पिवळा डबा: गणपतीपासून आजपर्यंत

लेकीसाठी लेगो क्लासिकचा ७९० तुकड्यांचा डबा घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. परळच्या आमच्या वन रूम किचनमध्ये तो रोज पलंगाखालून बाहेर येतो. इतकं खेळलं गेलेलं दुसरं खेळणं घरात नाही.

आधी फुटपाथवरून घेतलेला बिननावाचा सेट होता. त्यातले काही ठोकळे बसतच नसत, काही एकदा बसले की दातांनी काढावे लागत. इथे टक् आवाज होतो, ठोकळा घट्ट बसतो आणि लेकीच्या बोटांनी सहज सुटतोही. वर आठ गोल टिकल्या असलेला ठोकळा उलटा करून बघा, आत तीन पोकळ नळ्या दिसतील. कंपनी खरी उभी राहिली ती या नळ्यांवर. डेन्मार्कच्या बिलुंडमध्ये ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळण्यांपासून सुरुवात केली. १९४९ चे प्लास्टिकचे ठोकळे आतून रिकामे होते, त्यामुळे पकड कच्ची. नळ्यांच्या रचनेचा पेटंट अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. पुढे १९६३ पासून एबीएस नावाचं टणक प्लास्टिक आलं आणि रंग-आकार टिकू लागले.

माझ्या भावाचे नव्वदच्या दशकातले ठोकळे माळ्यावर होते, आत्याने दुबईहून आणलेले. धुऊन या डब्यात टाकले, तर नव्यांवर अगदी चपखल बसले! मला या कंपनीचं सर्वात मोठं कौतुक याचंच वाटतं. २००३ च्या सुमारास ती बुडायच्या बेतात होती, पसारा फार वाढला होता. २००४ मध्ये यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प प्रमुख झाले. त्यांनी तुकड्यांचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आणले, थीम पार्क विकले आणि लक्ष पुन्हा ठोकळ्यावर आणलं. नवं काढायचं, पण जुन्याला जोडता येईल असंच, हे मला फार पटतं.

गणपतीत लेकीने याच ठोकळ्यांची कमान केली, छोट्या मूर्तीसाठी. दोनदा कोसळली. तिसऱ्यांदा तिने वरचा ठोकळा खालच्या दोन ठोकळ्यांच्या जोडावर ठेवला, भिंतीत विटा लावतात तसा. कुणी शिकवलं नव्हतं.

किंमत जास्त आहे, पण माझ्या मते वसूल होते. परवडत नसेल तर लहान डबा घ्या, पुढचा त्यातच मिसळता येतो. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मात्र हा नको, लेगोचेच डुप्लो ठोकळे घ्या. ते दुप्पट मापाचे असतात, तोंडात जायची भीती नाही, आणि मूल मोठं झालं की याच ठोकळ्यांना जोडता येतात.