कन्व्हर्टिबलचं छत अडकतंय? पंप बदलायच्या आधी इथे दाखवा

छत उघडणारी गाडी असेल आणि ते छत मधेच रुसत असेल तर पुण्यात या कामाचा माणूस शोधणं म्हणजे वैताग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. नाना पेठेच्या बाजूला हे छोटंसं ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान, बाहेरून बघितलं तर वाटणार पण नाही की इथे असलं काम होत असेल.

माझी गाडी सेकंडहँड, जर्मन, टू-सीटर, पत्र्याचं घडी होणारं छत. बटण दाबलं की डिकी मागे उचलायची आणि तिथेच सगळं ठप्प, डॅशवर दिवा ब्लिंक. आणि दुसऱ्या दिवशी तेच छत अगदी शहाण्यासारखं उघडणार. शोरूमवाल्यांनी (नाव घेत नाही) स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला डिकीच्या पोझिशन स्विचचा (डिकी कुठपर्यंत उघडलीये ते सांगणारा), आणि कोटेशन दिलं अख्ख्या हायड्रॉलिक पंपाचं! का, तर म्हणे या गाड्यांत पंपच जातो. त्या आकड्यात एखादी जुनी अल्टो आली असती.

इथल्या काकांनी फोनवरच आधी विचारलं, "साहेब, डिकीतला तो पडदा ओढून नीट अडकवलेला असतो ना?" कारण अशा बऱ्याच गाड्यांत सामान आणि छताची जागा यांच्यामधला तो पडदा लॉक नसेल तर मॉड्यूल (छत चालवणारा छोटा कंप्युटर) छत हलूच देत नाही आणि लोक उगाच गाडी टो करून आणतात. दुसरा प्रश्न बॅटरीचा. पंपाची मोटर करंट दाबून ओढते, बॅटरी म्हातारी असेल तर व्होल्टेज पडतं आणि मॉड्यूल काम सोडून देतं, म्हणून इंजिन चालू ठेवून करून बघा म्हणाले. माझं दोन्ही ओके होतं, तेव्हा म्हणाले घेऊन या.

दुकानात पहिलं काम पंपाचं. ऑइलची लेव्हल बघितली, कुठे लीक नाही, पंपाला डायरेक्ट सप्लाय दिला, मोटर दोन्ही बाजूंना मस्त फिरली. पंप प्रकरण तिथेच संपलं. मग स्कॅनर, पण तो आपण ऑनलाइन मागवतो तसला स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल नाही हां, ते डोंगल मुख्यतः इंजिनचे कोड वाचतात, छताच्या मॉड्यूलपर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाहीत. यांनी कोड वाचून मशीन बाजूला ठेवलं नाही तर लाइव्ह डेटा उघडला, त्यात छताचा प्रत्येक स्विच शून्य की एक ते दिसतं, आणि पोराला सांगितलं डिकी हाताने हळूहळू वर-खाली कर. स्विच बरोबर बदलत होता. म्हणजे स्विच चांगला, मग कोड का येतोय?

इथे काकांचं डोकं बघण्यासारखं होतं. पार्किंग लाइट लावायला सांगितले आणि डिकी अर्ध्यावर आली की नंबर प्लेटचा दिवा किंचित मंद व्हायचा, ते त्यांनी पकडलं. मी गाडी एवढे दिवस वापरतोय, मला ते दिसलंच नसतं. लगेच बिजागरीजवळचा रबरी बूट मागे सरकवला, आतल्या वायरी बाहेरून एकदम नव्यासारख्या. मीटर लावला तर कंटिन्युइटीची (वायर सलग असल्याची) बीप पण येतेय. मग त्यांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला, एक टोक पॉझिटिव्हला आणि दुसरं त्या ब्राऊन वायरला (जर्मन गाड्यांत ब्राऊन म्हणजे अर्थिंगची, निगेटिव्हची वायर), आणि बल्ब नुसता लाल मिणमिणला. चांगल्या अर्थवर लोड टाकल्यावर ०.१-०.२ व्होल्टच्या वर ड्रॉप (वायरीतच वाया जाणारं व्होल्टेज) यायला नको, इथे कितीतरी जास्त येत होता. वायर सोलली तर आत तांब्याचे सगळे केस तुटलेले, एखाद-दुसऱ्यावर संसार चालू. मीटरला करंट लागतोच किती, त्याला तेवढं पुरतं. पण डिकीची लॅच मोटर (लॉक उघड-बंद करणारी) फिरली की त्याच अर्थवर लोड येणार, व्होल्टेज वर उचललं जाणार, स्विचचा सिग्नल गंडणार आणि मॉड्यूल छत थांबवणार. म्हणूनच कधी चालायचं, कधी नाही.

रिपेअर पण मनापासून केलं. तुटलं तिथे सोल्डरचा डाग देऊन मोकळे झाले नाहीत, कारण वायर जिथे सारखी वाकते तिथे सोल्डर कडक होतं आणि त्याच्या शेजारीच परत तुटते. बिजागरीतला सगळा तुकडा काढून मऊ सिलिकॉन वायर टाकली, जॉइंट क्रिम्प करून (सोल्डर न करता दाबून) वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, पुढे-मागे ठेवले, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी). जाता जाता छताचे पाण्याचे ड्रेन पण साफ करून दिले, ते पुण्याच्या पावसात सगळ्यांनीच करावं. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-फोरमध्ये (ई८५) तर छताची मोटर अशा कोपऱ्यात बसवलीये की ड्रेन तुंबला की ती पाण्यातच बुडते, त्या मॉडेलचं हे दुखणं जगभर माहीत आहे. बाकी वायरी आणि छत यांचं हे भांडण जुनंच. फोर्डची १९५७ ते ५९ची स्कायलाइनर, तिच्या पत्र्याच्या छतासाठी ६०० फुटांच्या वर वायर होती आणि कंप्युटर नावाला नाही, सगळा खेळ रिले आणि लिमिट स्विचचा. तिच्या मेकॅनिकला साष्टांग नमस्कार.

खर्च सगळा मिळून साडेचार हजारांच्या आत. त्यानंतर भर पावसाळा गेला, छत एकदाही अडकलेलं नाही.

आता तक्रारी. बसायला जागा नाही, पार्किंगचा आनंदीआनंद, फोन चारदा लावला की एकदा उचलणार. दिलेली वेळ पाळत नाहीत, संध्याकाळी या म्हणाले की दुसरा दिवस धरून चाला. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. आणि तपासताना मधे-मधे बोललेलं चालत नाही, मला सरळ "जरा गप्प बसता का" म्हणाले, ते एक सोडून देऊ.

एक तारा कापतोय तो वेळेचा, म्हणून चार. छत अर्धवट उभं अडकलं असेल तर ढकलत बसू नका आणि खाली हात-डोकं घालू नका, प्रेशर उतरलं की ते खाली येऊ शकतं. मॅन्युअलमध्ये हाताने बंद करायची पद्धत दिलेली असते तशी करून मग गाडी न्या. आणि कापडी छत फाटलं असेल तर इथे जाऊ नका, शिवायचं काम हे करत नाहीत, त्याला सीट कव्हरवालाच गाठावा लागेल.