विम प्रो: टीव्ही आणि अ‍ॅक्टिव्ह स्पीकरसाठी पुरेसा, एका अटीवर

टीव्हीचा आवाज आणि फोनवरची गाणी एकाच स्पीकर-जोडीवर हवी असतील आणि मध्ये वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नको असेल, तर विम प्रो (वायफायवरून गाणी घेऊन स्पीकरला देणारा छोटा स्ट्रीमर) हे काम चोख करतो. याच कंपनीचा मिनी स्वस्त आहे, पण त्याला ऑप्टिकल इन (प्रकाशाच्या केबलने डिजिटल आवाज आत घेणारी खाच) नाही, त्यामुळे टीव्हीसाठी तो घेऊन उपयोग नाही. स्पीकर म्हणून इथे एडिफायर आर१२८०डीबी हा अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला, स्पीकर धरला आहे. त्याचा पोर्ट (बासची हवा सोडणारं छिद्र) पुढच्या बाजूला असल्यामुळे भिंतीलगतच्या टीव्ही युनिटवर तो नीट बसतो.

जोडणी दोन केबलची. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून विमच्या ऑप्टिकल इनमध्ये एक; विमच्या लाइन आउटमधून स्पीकरच्या लाइन इनमध्ये लाल-पांढरी आरसीए दुसरी. ऑप्टिकल केबलच्या टोकांवर पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या आधी काढा. टीव्ही चालू असताना मोकळ्या टोकातून लाल उजेड दिसला की टीव्हीची बाजू ठीक आहे. केबलला तीव्र कोनात दुमडू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट बहुधा ‘ऑटो’वर असतं आणि टीव्ही डॉल्बी (अनेक स्पीकरसाठी गुंडाळलेला आवाज, जो विमला उलगडता येत नाही) पाठवायला लागतो. मग बातम्यांना आवाज येतो आणि ओटीटीवरचा सिनेमा लावला की शांतता, किंवा नुसती खरखर. तिथे ‘पीसीएम’ (साधा, न गुंडाळलेला डिजिटल आवाज) निवडा. टीव्ही स्वतःच ५.१ चं (सहा वाहिन्यांच्या आवाजाचं) स्टिरिओ करून देतो. दोनच स्पीकर असताना यात गमावण्यासारखं काही नाही. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्येही डॉल्बी बंद करून स्टिरिओ ठेवणं बरं.

दुसरी खोच लाइन आउटच्या पातळीची. विमच्या अ‍ॅपमध्ये कमाल पातळी २ व्होल्ट, १ व्होल्ट, ८०० किंवा ५०० मिलिव्होल्ट अशी निवडता येते. घरगुती अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या इनपुटला २ व्होल्ट जास्त होतात आणि तबल्याची थाप फाटल्यासारखी येते. ८०० वर ठेवा. स्पीकरचं बटण मध्यावर सोडा आणि पुढचा आवाज विमवरूनच कमी-जास्त करा. जेबीएल ३०५पीसारखे स्टुडिओ मॉनिटर असतील तर त्यांच्या मागचा स्विच -१० डीबीव्हीवर (घरगुती उपकरणांच्या पातळीवर) हवा, आणि आरसीएऐवजी एका टोकाला पाव इंची जॅक असलेल्या केबल लागतात.

ऑप्टिकलचा मोठा फायदा फारसा कोणी सांगत नाही: त्यात धातू नाही. डिश किंवा केबलची वायर सेट-टॉप बॉक्समध्ये येते, बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला, आणि टीव्ही धातूच्या वायरने स्पीकरला जोडला की अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण होऊन सतत ‘हूं’ असा गुणगुणाट सुरू होतो. ऑप्टिकलवर ते वर्तुळ तुटतं.

आता ती अट. ऑप्टिकलमधून फक्त आवाज जातो, रिमोटचे आदेश जात नाहीत. टीव्हीच्या रिमोटचं आवाजाचं बटण बहुतेक टीव्हींवर इथे निकामी होतं. प्रोच्या खोक्यात रिमोट नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो किंवा फोन हाताशी ठेवावा लागतो. घरात आजी-आजोबा मालिका बघणारे असतील तर हे चालणार नाही, हे आधीच मान्य करा. त्यांच्यासाठी एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरूनच बाहेर देण्याची सोय) असलेला विम अल्ट्रा बरा. तिथे केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टमध्येच लावायची आणि सीईसी (टीव्हीच्या रिमोटनेच जोडलेलं उपकरण चालवण्याची सोय) चालू करायचं. एलजी त्याला सिम्पलिंक म्हणते, सॅमसंग एनीनेट प्लस, सोनी ब्राव्हिया सिंक. मात्र अल्ट्राला एअरप्ले (आयफोनवरून थेट गाणी पाठवण्याची अ‍ॅपलची सोय) नाही, प्रोला आहे. आयफोनवाल्या घरात हा फरक जाणवतो. आणि एचडीएमआयमुळे वरचा गुणगुणाट परत येऊ शकतो.

आर१२८०डीबीला स्वतःचं ऑप्टिकल इन आहे, मग टीव्ही थेट स्पीकरला का नको? चालतं, आणि आवाज-चित्राचा मेळही उत्तम राहतो. विम मग कोएक्शियलने (धातूच्या डिजिटल केबलने) जोडा आणि स्पीकरच्या रिमोटने इनपुट बदला. फक्त विमचं इक्वलायझर टीव्हीला लागू होत नाही. संवाद घुमत असतील तर तेच सगळ्यात कामाचं आहे: टीव्हीच्या इनपुटपुरता १०० ते २०० हर्ट्झचा भाग थोडा उतरवला की बोलणं मोकळं होतं.

टीव्हीचा आवाज वायफायवरून दुसऱ्या खोलीतल्या विमला पाठवू नका. ओठ आणि शब्द जुळत नाहीत. प्रोला वीजही टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, टीव्ही बंद केला की गाणीही थांबतील.