महापालिका रुग्णालयातील छातीविकार विभाग : जुना क्षयरोग आणि नवा ताप

माझ्या सासऱ्यांनी चार वर्षांपूर्वी क्षयरोगाचे औषध पूर्ण केले होते. यंदा त्यांना संध्याकाळी पुन्हा बारीक ताप येऊ लागला, खोकला हटेना आणि बेडक्यात रक्ताची रेघ दिसली, तेव्हा त्यांना आमच्या भागातील महापालिका रुग्णालयाच्या छातीविकार विभागात नेले. घराजवळच्या दवाखान्यातून लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सुरू झाले होते. हे औषध क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबून ठेवते आणि निदान लांबवते, म्हणून येथील डॉक्टरांनी ते आधी बंद केले.

या विभागाचे मोठे गुण म्हणजे संयम. एक्स-रेवरचे जुने व्रण पाहून सरळ गोळ्या लिहून देणे सोपे होते, पण त्यांनी बेडका सीबीनॅट या, क्षयाच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला पाठवला. सकाळी उठल्याबरोबर खोलवरून खोकून काढलेला बेडका हवा, नुसती थुंकी चालणार नाही, हे तेथील परिचारिकेने सासऱ्यांना धीराने समजावले. चाचणीत क्षयाच्या जंतूंचा अगदी पुसट अंश आढळला. क्षयरोग होऊन गेलेल्या माणसाच्या बेडक्यात मेलेल्या जंतूंचा अंशही या चाचणीत दिसू शकतो, जंतू जिवंत आहेत की नाहीत ते कल्चरमध्येच (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) कळते आणि त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, हे डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून सांगितले. दरम्यान केलेल्या सीटी स्कॅनमध्ये जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा दिसला. पुढे रक्तचाचणीनेही त्याला दुजोरा दिला आणि कल्चर निगेटिव्ह आले.

आता इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू आहे. त्याच्या कॅप्सूल जेवणानंतरच घ्यायच्या आहेत. अंदाजाने क्षयाची औषधे सुरू केली असती, तर त्यांतील रिफाम्पिसिनमुळे इट्राकोनॅझोलचा शरीरातील अंश घटून ते निष्प्रभ ठरले असते, ही माहिती मला सर्वांत मोलाची वाटली.

उणिवाही आहेत. केसपेपरची रांग आणि खोकणाऱ्या रुग्णांची बसण्याची जागा एकच आहे, आणि तिथल्या खिडक्या बंद असतात. छातीविकार विभागात हे अक्षम्य आहे. बुरशीची रक्तचाचणी तेथे होत नसल्याने ती बाहेर पैसे मोजून करावी लागली. बेडक्याची तपासणी मात्र मोफत झाली.

जुन्या क्षयरुग्णाला घेऊन जाणार असाल, तर आधीचे एक्स-रे आणि उपचारकार्ड अवश्य न्या. नव्या चित्राची तुलना जुन्याशी करूनच तेथील डॉक्टर बोलतात.