सायलेन्सर आधी की मॅप? डर्ट बाइकवर पैसे घालण्यापूर्वी

हीरोची एक्सपल्स घेऊन वर्षभर मुरमाच्या आणि लाल मातीच्या वाटा तुडवल्या की बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते: गाडीला अजून थोडा दम. दुकानात गेलं की सगळ्यात आधी समोर येतो तो सायलेन्सर. हलका, देखणा, आणि स्टार्टर दाबल्याबरोबर फरक कानाला कळतो. मॅप म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल आणि कधी ठिणगी द्यायची याचा गाडीच्या कॉम्प्युटरमधला तक्ता. तो डोळ्यांना दिसत नाही, हातात धरता येत नाही, म्हणून तो मागे पडतो. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवाली गाडी असेल तर आधी मॅप आणि मग पाइप, म्हणजे सायलेन्सर आणि त्याच्या पुढची नळी. टू-स्ट्रोक असेल तर आधी पाइप. आणि बजेट तुटपुंजं असेल तर तूर्त दोन्ही बाजूला ठेवा आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चक्र बदला.

वाढवायचंय नेमकं काय?

एक्सपल्स २०० ४व्हीचे कागदावरचे आकडे असे: ८,५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १९.१ पीएस ताकद आणि ६,५०० आरपीएमला १७.३५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. टॉर्कला आरपीएमने गुणून ७,०२३ ने भागलं की पीएस मिळतात. हेच गणित उलटं केलं तर ८,५०० ला टॉर्क निघतो साधारण १५.८. म्हणजे ६,५०० च्या पुढे इंजिनाची ओढ कमी होत जाते, पॉवर वाढत राहते ती फक्त फेरे वाढतात म्हणून.

आता दगडगोट्यांचा चढ डोळ्यांसमोर आणा. दुसरा गेअर, मागचं चाक पकड शोधतंय, आणि इंजिन बहुतेक वेळ ३,५०० ते ५,५०० मध्ये फिरतंय. ४,००० आरपीएमला १ न्यूटन-मीटर वाढला तर पीएसमध्ये तो जेमतेम अर्ध्याच्या थोडा वर दिसतो. जाहिरातीत टाकण्यासारखा हा आकडा नव्हेच. पण चढावर क्लच कमी दाबावा लागतो तो याच्यामुळे. ८,५०० ला मिळालेले दोन पीएस तिथे कामाला येत नाहीत. म्हणून कुणी ‘इतके पीएस वाढतील’ म्हणालं की लगेच विचारा, किती आरपीएमला?

पाइप काय करतो

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेल्या वायूबरोबर दाबाची एक लाट इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपमधून धावत सुटते. गरम वायूत तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो. पाइपची रुंदी जिथे बदलते तिथून ती परत फिरते. फोर-स्ट्रोकमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर एकदमच उघडे असतात. नेमक्या त्या क्षणी कमी दाबाची लाट परत पोचली, तर उरलासुरला धूर ओढला जातो आणि ताजं मिश्रण जास्त आत येतं. वेळ हुकली तर तीच लाट आड येते.

इथेच सगळी मेख आहे. ८,००० आरपीएमला इंजिनाचा एक फेरा ७.५ मिलिसेकंदांत होतो, ४,००० ला १५ मिलिसेकंद लागतात, आणि लाटेचा वेग मात्र जवळपास तोच राहतो. त्यामुळे कुठलाही पाइप एका पट्ट्यात खुलतो आणि दुसऱ्यात मार खातो. लांब, अरुंद बेंड खालच्या आरपीएमला साथ देतो. आखूड, रुंद बेंड वरच्या. ‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच’ असं गॅरेजात ऐकू येतं, पण कोंडलेल्या धुराने इंजिनाचं काहीच भलं होत नाही. मोकळा सायलेन्सर लावल्यावर खालचा पिकअप पडतो त्यामागे सहसा दोन कारणं असतात: लाटेची वेळ सरकलेली असते, किंवा मिश्रण लीन झालेलं असतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

स्लिप-ऑन म्हणजे मागचा डबाच तेवढा बदलतो, बेंड कंपनीचाच राहतो. लाटेचं वेळापत्रक मुख्यतः बेंड ठरवत असल्यामुळे स्लिप-ऑनकडून फार अपेक्षा ठेवू नका. वजन घटतं, आणि ते गाडीच्या मागच्या, उंच भागातून घटतं, म्हणून गाडी उचलताना, वळवताना ते खरंच जाणवतं. वरच्या आरपीएमला थोडी मोकळीक मिळते. बाकी आवाज. फुल सिस्टीम, म्हणजे बेंडासकट सगळं, हा वेगळा विषय. तिथे ताकदीचा पट्टा खरोखर हलतो, पण मॅप तसाच ठेवला तर निम्मा पैसा वाया.

टू-स्ट्रोकमध्ये पाइप इंजिनाचाच भाग असतो. तिथे व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट आहेत, आणि ताजं मिश्रण एक्झॉस्टमधून निसटायच्या बेतात असतं. मधे फुगलेला, पुढे परत निमुळता होत जाणारा पाइप दाबाची लाट माघारी पाठवतो आणि ते मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेनने १९५० च्या दशकात हे तंत्र पक्कं बसवलं आणि १९६१ पर्यंत १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली, तीही टर्बो किंवा सुपरचार्जर न लावता. १९६१ मध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर हे तंत्र घेऊन पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ चं ५० सीसीचं जागतिक विजेतेपद सुझुकीच्या नावावर लागलं. एका पाइपच्या आकाराला केवढी किंमत होती ते यावरून कळतं. म्हणून टू-स्ट्रोकवाल्यांनी आधी पाइप बघावा. तो आपटून चेपला असेल तर नव्या भागांचा विचार करण्याआधी चेपलेला भाग सरळ करून घ्या.

मॅप काय करतो

ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, मुख्यतः दोन तक्ते असतात. कोणत्या आरपीएमला, किती थ्रॉटलला किती पेट्रोल फवारायचं हा एक, आणि ठिणगी किती आधी द्यायची हा दुसरा. साध्या पेट्रोलला पुरं जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. जास्तीत जास्त ताकद मात्र १३ च्या आसपास मिळते, म्हणजे थोडं रिच, पेट्रोल जरा जास्त. रस्त्यावरच्या बीएस६ गाडीत बेंडावर ऑक्सिजन सेन्सर असतो. हळू, स्थिर चालवताना ईसीयू त्याचं ऐकून मिश्रण पुन्हा पुन्हा १४.७ कडे ओढत राहतो. फुल थ्रॉटलला तो सेन्सरकडे बघत नाही, तक्त्यातला आकडा सरळ वापरतो.

नुसता पाइप बदलला तर काय होतं ते यातून स्पष्ट होतं. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत ईसीयू बदल सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला, नेमकं जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथे हवा वाढली आणि पेट्रोल जुन्या तक्त्याप्रमाणेच पडलं, तर मिश्रण लीन होतं. रेडिएटर नसलेल्या इंजिनाला भर उन्हात, वाळूत, फुल थ्रॉटलवर हे परवडत नाही. सायलेन्सरबरोबर एअर फिल्टरही मोकळा केला असेल तर मॅप चैनीचा भाग राहत नाही, तो लावायलाच हवा.

मॅपचा खरा फायदा खालच्या थ्रॉटलमध्ये आहे. कंपनीचा तक्ता प्रदूषणाच्या नियमांत बसवलेला असतो, म्हणून थ्रॉटल थोडा उघडताना गाडी अडखळते, बंद करून पुन्हा उघडला की झटका देते. तिथलं मिश्रण आणि ठिणगी नीट बसवली की गाडी हळू वेगात हाताच्या इशाऱ्यावर चालते. ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्राच्या कागदावर याचे एखाद-दोन टक्केच दिसतात. चढावर मात्र गाडी बदलल्यासारखी वाटते. छोट्या सिंगल सिलिंडर इंजिनावर नुसत्या मॅपने वीस टक्के वाढ सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात तेवढी जागाच नसते.

एक्सपल्ससारख्या गाड्यांवर बहुधा पिगीबॅक लावतात, म्हणजे मूळ ईसीयू तसाच आणि मधे एक डबी. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचंच उदाहरण घ्या: त्यांचा फ्युएलएक्स फक्त पेट्रोल सांभाळतो, पॉवरट्रॉनिक पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही. कंपनीचा सायलेन्सर तसाच ठेवणार असाल तर पहिल्या प्रकाराने भागतं. फुल सिस्टीम लावणार असाल तर दुसरा घ्या. ठिणगी पुढे आणलेला मॅप मात्र कोणत्या पेट्रोलवर बसवला ते विचारून घ्या. इंडियन ऑइलच्या एक्सपी१०० या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलेला मॅप घेऊन तुम्ही साध्या पेट्रोलने टाकी भरलीत, तर चढावर इंजिन ठोकायला लागेल. ई२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये, इथेनॉलमुळे पेट्रोलमध्येच ऑक्सिजन असतो, त्याला पुरं जळायला हवा कमी लागते. तेव्हा जुन्या पेट्रोलवर बसवलेला मॅप आज लीन ठरू शकतो.

एक बारीक गोष्ट, पण फार महत्त्वाची. माझ्या मित्राने नवा पाइप लावल्यावर थ्रॉटल सोडताना फटाके फुटायला लागले, अ‍ॅव्हरेज घसरलं, प्लग काळा पडला. सगळ्यांचं म्हणणं, मॅप करून घे. मी बेंडाच्या सांध्याभोवती बघितलं तर सिलिंडर हेडवर काजळीची बारीक रेघ उमटली होती. सांधा बंद करणारा जुनाच गॅस्केट परत दाबून बसवला होता. तिथून बाहेरची हवा आत जात होती, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसत होता, आणि ईसीयू मिश्रण लीन समजून पेट्रोल ओतत होता. नवा गॅस्केट घातला, स्टड सारखे आवळले, गाडी शांत झाली. पाइप बदलताना नवा गॅस्केट घ्याच.

कोणी काय करावं

आठवड्यातले पाच दिवस ऑफिस आणि रविवारी कच्ची वाट, असा वापर असेल तर आधी गेअरिंग बघा. पुढचं स्प्रॉकेट १३ दातांचं असेल आणि १२ चं लावलं, तर प्रत्येक गेअरमध्ये, प्रत्येक आरपीएमला चाकावरची ओढ आठ टक्क्यांनी वाढते. कुठलाही स्लिप-ऑन एवढं देत नाही. बदल्यात हायवेवर त्याच वेगाला इंजिन आठ टक्के जास्त फिरतं, आणि पुणे-नाशिक नेहमी करणाऱ्याला ते खटकेल. यानंतरही खालचं अडखळणं जात नसेल तर मॅप. सायलेन्सर कंपनीचाच राहू द्या.

ट्रॅकवरच्या, मोटोक्रॉससाठीच्या कावासाकी केएक्स२५० किंवा केएक्स४५० ची गोष्ट निराळी. या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, रस्त्याची परवानगीही नाही, आणि मॅपची सोय कंपनीनेच दिलेली असते. कावासाकीने कित्येक वर्षं तीन रंगांचे कपलर, म्हणजे मॅप बदलणारे छोटे प्लग दिले: हिरवा नेहमीचा, काळा कडक जमिनीला, पांढरा मऊ मातीला. होंडाच्या सीआरएफ४५०आरला हँडलवर बटण आहे. यामाहाने २०१८ च्या वायझेड४५०एफपासून फोनवरून १६ ठिकाणी पेट्रोल आणि ठिणगी बदलायची सोय केली. ज्याच्याकडे हे आहे त्याने पाइपवर पैसे घालण्याआधी हे फुकटातलं सगळं वापरून बघावं. ४५० तर पन्नासच्या वर अश्वशक्ती टाकते. कडक ट्रॅकवर तिचा खालचा भाग मॅपने मऊ केला की मागचं चाक कमी घसरतं आणि बहुतेकांचा लॅप उलट सुधारतो. २५० वर मात्र ताकद नेहमीच अपुरी वाटते. तिथे फुल सिस्टीम आणि तिच्यासाठीच बसवलेला मॅप, दोन्ही एकत्र घ्या.

टू-स्ट्रोकचंही चित्र बदलतंय. केटीएमने २०२३ च्या एसएक्स टू-स्ट्रोकना इंजेक्शन आणि इलेक्ट्रॉनिक पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्ट पोर्ट लहान-मोठा करणारी झडप) दिला, वर दोन मॅपचं बटण. तिथेही नवा पाइप घेताना तो या मॅपशी जुळतो का ते बघावं लागतं.

नंबरप्लेट असलेल्या गाडीवर मोकळा सायलेन्सर लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवलेले आपण पाहिलेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या वाटांवर आपण जातो त्या कुणाच्या तरी वस्तीतून, शेताच्या बांधावरून जातात. आवाजाने गुरं बुजली की गावकरी वाट बंद करतात, आणि तेव्हा चूक त्यांची नसते.

पैसे देण्याआधी ट्यूनरकडे, म्हणजे मॅप बसवणाऱ्याकडे, दोन ग्राफ मागा, बदलाच्या आधीचा आणि नंतरचा, एकाच डायनोवर, शक्यतो एकाच दिवशी काढलेले. त्यात टॉर्कची रेघ ३,००० पासून असली पाहिजे आणि शेजारी हवा-पेट्रोल प्रमाणाची रेघही हवी. ग्राफ ६,००० पासूनच सुरू होत असेल तर खालचाही काढून मागा, आणि तो मिळेपर्यंत गाडी ताब्यात देऊ नका.