आरएक्स ९०६० एक्सटी लिनक्सवर: गेमिंगला झकास, टीव्हीला जोडायचं असेल तर आधी हे वाचा

पावसाळ्यात घेतलेल्या ग्राफिक्स कार्डाचा अनुभव आत्ता लिहितोय, कारण दिवाळीच्या सेलमध्ये घरात नवा टीव्ही येईपर्यंत या कार्डाबद्दल माझी एकही तक्रार नव्हती. तेव्हा विचारलं असतं तर ‘डोळे झाकून घ्या’ म्हणालो असतो. आता तसं म्हणवत नाही.

कार्ड म्हणजे एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी मेमरीवालं. मशीनवर फेडोरा नावाचं लिनक्स, केडीई डेस्कटॉप. विंडोज नाही आणि घालणारही नाही. स्पेसिफिकेशन सगळ्यांनी पाहिलेली असतील, ती इथे उतरवत बसत नाही. फक्त मी हेच का निवडलं ते सांगतो, कारण जुनं मशीन चालवणाऱ्यांच्या ते उपयोगी पडेल.

माझा मदरबोर्ड बी४५० चा, म्हणजे कार्ड जोडायची वाट (पीसीआयई) जुन्या ३.० पिढीची. हे कार्ड त्या वाटेच्या १६ लेन वापरतं. याच वर्गातलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय ८ लेनचं आहे, एएमडीचं आधीचं आरएक्स ७६०० सुद्धा ८ लेनचंच. नव्या बोर्डावर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या बोर्डावर मात्र व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरत आली की लेन कमी असल्याचा फटका बसतो. कार्डासाठी बोर्ड बदला, मग प्रोसेसर, मग रॅम, असा खर्च मला करायचा नव्हता. जुना ५५० वॅटचा पॉवर सप्लायही तसाच ठेवला. कार्ड १६० वॅटच्या आसपास खातं आणि माझ्या मॉडेलला ८ पिनची एकच वायर लागते. ८ जीबीचं मॉडेलही याच नावाने विकतात. अमेरिकेत दोन्ही आले तेव्हा किमती २९९ आणि ३४९ डॉलर होत्या. एवढ्या फरकासाठी ८ जीबीवालं घेऊ नका. काटकसर मलाही प्रिय आहे, पण ही जागा काटकसरीची नाही.

लिनक्सवर एएमडी घ्यायचं मुख्य कारण जुनंच आहे. ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आणि मेसा या ग्राफिक्सच्या मुक्त संचात आधीच असतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही, कर्नल अपडेट झाला म्हणून सकाळी काळा स्क्रीन बघावा लागत नाही. अट एकच: कार्ड नवीन असेल तर कर्नल आणि मेसाही नवीन हवेत. फेडोरा ४२ मध्ये कर्नल ६.१४ आणि मेसा २५ होतं, त्यामुळे कार्ड बसवलं, मशीन चालू केलं आणि तासाभरात खेळायला बसलो. डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सच्या मूळ ६.१ कर्नलवर हे असं होणार नाही. फेडोरावाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पेटंटच्या भानगडीमुळे फेडोराच्या मेसातून एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटचं हार्डवेअर डिकोडिंग काढलेलं असतं. ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून घ्यावं लागतं, नाहीतर व्हिडिओ बघताना सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि लोक दोष कार्डाला देतात.

गेमबद्दल थोडक्यात. १४४०पी मॉनिटरवर सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग बंद ठेवून उत्तम. एल्डन रिंग व्यवस्थित. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं वाल्व्हचं सॉफ्टवेअर) काहीही खटपट न करता चालतो, आणि अजून खेळला नसेल तर खेळाच. व्हॅलोरंट, फोर्टनाइट हवं असेल तर कुठलंही कार्ड घ्या, त्यांची अँटी-चीट (चीटिंग रोखणारी यंत्रणा) लिनक्सवर चालूच देत नाही. एपेक्स लेजंड्सनेही २०२४ मध्ये दार बंद केलं.

एफएसआर ४, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवायचं एएमडीचं तंत्र, त्याबद्दलचं माझं मत मध्येच बदललं. कार्ड घेतलं तेव्हा लिनक्सवर ते अर्धवट होतं, चालवायला फार कसरत लागायची आणि मी ते सोडून दिलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मेसा २५.२ आलं. त्यानंतर प्रोटॉन-जीईमध्ये (प्रोटॉनची हौशी मंडळींनी केलेली आवृत्ती) लाँच ऑप्शनला एक ओळ घातली की ज्या गेममध्ये एफएसआर ३.१ आहे तिथे ४ लागू होतं. दूरच्या तारा, जाळ्या, झाडांची पानं पूर्वी थरथरायची, ती आता स्थिर दिसतात. कार्ड घेतल्यावर दोन-तीन महिन्यांनी ते फुकटात सुधारलं याचा मला मनापासून आनंद झाला. हे काम बरंचसं आरएडीव्ही, म्हणजे मेसातला एएमडी कार्डांचा वल्कन ड्रायव्हर, त्यावर खपणाऱ्या लोकांचं आहे. २०२५ मध्ये एएमडीने वल्कन या ग्राफिक्स प्रणालीसाठीचा स्वतःचा वेगळा ड्रायव्हर बंद करून त्याच आरएडीव्हीला पाठिंबा दिला, यातच त्यांच्या कामाची किंमत कळते.

आता टीव्हीकडे येतो.

टीव्ही ४के, १२० हर्ट्झचा. त्याच्या खोक्यावर एचडीएमआय २.१ छापलंय, कार्डाच्या खोक्यावरही छापलंय, आणि तारही त्याच दर्जाची आणली. जोडलं तर ४के ६० हर्ट्झला चित्र स्वच्छ. १२० निवडलं की रंग आपोआप ४:२:० वर जातात. म्हणजे दर चार पिक्सेलमागे रंगाची माहिती एकदाच. सिनेमा बघताना ते डोळ्यांना कळत नाही. पण डेस्कटॉपवर काळ्यावर लाल अक्षरं असतील, किंवा बारीक देवनागरी असेल, तर अनुस्वार आणि वेलांट्या रंगात फासल्यासारख्या दिसतात. गेममधल्या बारीक नकाशांचंही तेच. ज्या कारणासाठी टीव्हीवर पैसे घातले तेच मिळत नव्हतं.

टीव्हीचा तंत्रज्ञ घरी आला, त्याने सेट-टॉप बॉक्स लावून दाखवला आणि ‘टीव्ही ओके आहे, तुमचा पीसी बघा’ म्हणून सही घेऊन गेला. कार्डाच्या सर्व्हिसकडे तक्रार नोंदवली तर उत्तर आलं, विंडोज घालून बघा. मी कळवलं की विंडोजवर चालेल हे मला माहीत आहे, मला लिनक्सबद्दल लेखी उत्तर हवंय. पुन्हा तोच मजकूर आला, फक्त खाली नाव वेगळं.

खरं कारण दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही, आणि ते गुपितही नाही. एचडीएमआय २.० ची तार १८ गिगाबिटपर्यंत वाहून नेते, २.१ ची ४८ पर्यंत. ४के १२० पूर्ण रंगांत न्यायला २.१ ची नवी पद्धत लागते. ती लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये घालायची एएमडीची तयारी होती. तसा प्रस्ताव एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमपुढे गेला आणि फोरमने तो फेटाळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एएमडीच्या अभियंत्याने हे जाहीरपणे सांगितलं. मुक्त कोड म्हणजे स्पेसिफिकेशन सगळ्यांना वाचता येणार, आणि फोरमला ते नको होतं. एनव्हिडियाचं हे काम बंद फर्मवेअरच्या आत चालतं, म्हणून तिथे अडत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाल्व्हने स्टीम मशीन हा लिनक्सवर चालणारा गेमिंग पीसी जाहीर केला, आतली चिप एएमडीची, आणि त्याच्या तपशिलातही एचडीएमआय २.० असंच लिहिलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही तेच लिहावं लागलं, तर सामान्य ग्राहकाने खोक्यावरच्या छापील अक्षरावर विश्वास ठेवला यात त्याचं काय चुकलं?

तोडगा आहे, पण पैसे आणखी जातात. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला हे बंधन नाही. तिथून एचडीएमआय २.१ करणारं ॲक्टिव्ह ॲडॅप्टर लावलं की मधली चिप ते काम करते. पुण्याच्या तापकीर गल्लीत पहिल्या दुकानात ‘८के’ छापलेलं एक मिळालं, घरी लावलं तर ६० हर्ट्झच्या वर जाईना. आत साधीच चिप होती. दुकानदाराने वाद घातला, शेवटी बदलून दिलं नाही पण पैसे परत दिले. दुसरं ऑनलाइन मागवलं, त्याला दोन हजारांच्या वर मोजले. हे लावल्याक्षणी ४के १२०, पूर्ण रंग. वेलांट्या धारदार. त्या संध्याकाळी कार्डावरचा माझा राग पार उतरला होता.

थोड्याच दिवसांत त्याच्या मर्यादा दिसल्या. मशीन झोपेतून उठलं की कधी कधी टीव्हीला सिग्नल मिळत नाही, ॲडॅप्टर काढून घालावं लागतं. बराच वेळ खेळल्यावर ते हाताला चटका बसेल इतकं तापतं. आणि व्हीआरआर (गेमच्या फ्रेमनुसार स्क्रीनचा हर्ट्झ बदलणं) माझ्याकडे त्यातून भरवशाने चालत नाही, चित्र मध्येच क्षणभर जातं, म्हणून ते बंद ठेवून मँगोहड या टूलने फ्रेम सेकंदाला ६० वर बांधतो. सोफ्यावर बसून कंट्रोलरने खेळायला एवढं पुरतं. डिस्प्लेपोर्टवरच्या मॉनिटरवर मात्र व्हीआरआर पहिल्या दिवसापासून निर्दोष आहे.

म्हणून माझा सल्ला आता स्क्रीनपासून सुरू होतो. मॉनिटर असेल आणि त्याला डिस्प्लेपोर्ट असेल, तर या किमतीत लिनक्ससाठी याहून चांगलं कार्ड मला दिसत नाही. फक्त टीव्हीच वापरणार असाल, ४के १२० आणि व्हीआरआर दोन्ही हवं असेल, तर एनव्हिडियाचा विचार करा. त्यांचे कर्नल मॉड्यूल २०२२ पासून खुले झालेत, २०२४ पासून वेलँडवरही (लिनक्सची नवी डिस्प्ले पद्धत) गाडी बरीच रुळावर आलीय. डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये तिथे विंडोजच्या तुलनेत फ्रेम कमी मिळतात ही तक्रार मात्र जुनी आहे, ती धरूनच चाला. आणि टीव्हीवर ४के ६० पुरत असेल तर यातलं काहीच मनाला लावून घेऊ नका, साधी तार लावा आणि खेळा.

ॲडॅप्टर घेणार असाल तर दुकानदाराला ‘४के १२० हर्ट्झ, ४:४:४’ (म्हणजे पूर्ण रंग) असं बिलावर लिहून मागा. लिहायला नाही म्हणाला तर घेऊ नका.

सर्व्हिसकडची माझी तक्रार अजून उघडी आहे. त्यात आता दुरुस्ती मागितलेली नाही. एवढीच मागणी लिहिलीय, की खोक्यावर एचडीएमआय २.१ छापता तिथेच ते कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं हेही छापा. उत्तर आलं तर इथेच खाली जोडेन.